कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात

दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं आणि त्याने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. बिघडवलं ते घड्याळजींनी.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. बेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करत आलेला माणूस. दुसऱ्याच्या गॅसवर दूध उतू जाताना दिसलं की एखाद्या गृहिणीचा जीव जसा खालीवर होतो, तसा घड्याळजींचा मागे पडलेल्या घड्याळाने होई. दुपारची वेळ. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत कुणाच्या तरी दाढेत गुंतलेल्या. काउंटरवरची बाई धुतलेली हत्यारं घेऊन मागच्या खोलीत गेलेली. बाहेर बाकावर घड्याळजी एकटे आणि समोर ते घड्याळ. दहा मिनिटं त्यांनी कशीबशी कळ काढली. मग स्टूल ओढलं, त्यावर चढले, उंची थोडी कमी पडली म्हणून एक पाय शेजारच्या कपाटावर टेकवला, आणि घड्याळ खिळ्यावरून काढलं.

कपाटावर एक लांबलचक लाकडी खण होता. पाय त्याला लागला.

पुढचं सगळं एकदमच झालं. खण खाली आला, त्यातली पेशंटांची कार्डं फरशीभर पसरली, घड्याळ हातातून निसटून बाकाच्या गादीवर आपटलं आणि त्यातला सेल घरंगळत बाकाखाली अंधारात गेला. घड्याळजी मात्र स्टुलावर तसेच उभे, हात वर, जणू कुणी पिस्तूल रोखलंय.

मागच्या खोलीतून काउंटरवरची बाई आली. ओरडली नाही. तिने आधी घड्याळजींकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"काका, घड्याळाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"चार मिनिटं मागे होतं."

"आणि आता?"

घड्याळजींनी बाकाकडे पाहिलं. "आता बंद आहे."

"खाली उतरा," ती म्हणाली. "सावकाश. एकतीस वर्षांची माणसं पडलीत तिथे, पाय देऊ नका."

या बाईंना सगळा भाग चौकशीबाई म्हणे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, चष्मा दोरीने गळ्यात आणि पेन्सिल सुतळीने टेबलाला बांधलेली. कारण पेशंट दात विसरून जातात, पण पेन्सिल न चुकता घेऊन जातात, असा त्यांचा अनुभव. दवाखान्याच्या पाटीवर 'सर्वांगीण दंतस्वच्छता' असं लिहिलेलं. त्यातले दात डॉक्टरीणबाईंकडे आणि उरलेलं सर्वांग चौकशीबाईंकडे, अशी वाटणी होती. दात साफ करायला आलेल्या माणसाला त्या आधी समोर बसवत आणि जिना चढताना कितव्या पायरीला थांबता, संध्याकाळी चपला घट्ट होतात का, जखम झाली तर रक्त किती वेळात थांबतं, असलं काहीबाही विचारत. लोक वैतागत. एकाने विचारलं होतं, "बाई, मला दात घासून घ्यायचेत, लग्न नाही करायचं." त्यावर त्या म्हणाल्या, "लग्नाला एवढं विचारायची गरज नसते, नंतर कळतंच."

घरीही तेच. धाकटी बहीण आणि त्या अशा दोघीच दोन खोल्यांत राहत. बहीण सांगे की गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस दारात एकदा खोकला, तर हिने सिलिंडर राहिलं बाजूला, त्याला किती दिवस खोकतोस, रात्री घाम येतो का, असं विचारून शेवटी इस्पितळात पाठवलं. "माणूस बरा झाला," बहीण म्हणे, "पण आता गॅस दुसराच कुणी आणतो."

तर अशा बाईंच्या समोर घड्याळजींनी अर्ध्या तासापूर्वी आपला अर्ज भरून दिला होता. प्रकृतीबद्दलचे बावीस प्रश्न होते. घड्याळजींनी पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि तिथून थेट तळापर्यंत एक उभी रेघ ओढली.

रेघ सरळ होती. हात अजून पक्का होता त्यांचा. पण ती खोटी होती, आणि तसं करायला कारणही होतं. परवा शुक्रवारी सकाळी त्यांची लेक येणार होती. पाच वर्षांनी. सोबत चार वर्षांची नात, जिला त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. आणि त्या पडद्यावर नातीने मागच्या महिन्यात विचारलं होतं, "आजोबा, तू ओठ मिटूनच का हसतोस?" घड्याळजींनी काहीतरी थाप मारली, पण फोन ठेवल्यावर आरशापुढे जाऊन उभे राहिले. बेचाळीस वर्षांचा चहा दातांवर जसाच्या तसा बसला होता. त्या दिवशी ठरलं की नात दारात येईल तेव्हा तोंड उघडून हसायचं. म्हणून आज बुधवारी दुपारी, बायकोला केस कापायला जातो असं सांगून, ते इथे आले होते. डोक्यावर कापण्याजोगे केस उरले नव्हते, तरी बायको काही बोलली नाही.

"बसा खाली," चौकशीबाई म्हणाल्या. "तुम्ही पाडलीत, तुम्हीच लावा. आकडा वर उजव्या कोपऱ्यात आहे. आकडाच बघायचा. बाकी वाचायचं नाही."

"नाही वाचत."

"चष्मा काढलात तरी चालेल."

"चष्मा काढला तर आकडा कसा दिसणार?"

"मग अर्धे डोळे मिटा."

घड्याळजी फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. दोघं समोरासमोर बसून कार्डं लावू लागले, जशी दोन माणसं पत्ते खेळायला बसावीत. डॉक्टरीणबाईंनी केव्हाच संगणक आणला होता, पण चौकशीबाईंची कार्डं चालूच होती. संगणकात नाव, वय, औषधं सगळं मावतं, त्यांचं म्हणणं, फक्त माणूस मावत नाही. घड्याळजींना याचा अर्थ लवकरच कळला. कारण त्यांनी न वाचायचं वचन दिलं होतं ते वरच्या मजकुरापुरतं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, आणि प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एकेक बारीक ओळ होती.

'सुईला भितात. धाकट्या मुलाबद्दल विचारावे, भीती विसरतात.' 'डावा कान बंद. उजवीकडे बसून बोलणे.' 'गोड सोडलं म्हणतात. खिसा बघावा.' 'बायकोसमोर खरं सांगत नाहीत. बायकोला पाणी आणायला पाठवणे.'

"वाचलंत," चौकशीबाई मान वर न करता म्हणाल्या.

"नाही बुवा."

"मग हसलात कशाला?"

घड्याळजी गप्प झाले. गप्प बसण्यात एक धोका होता, तो त्या क्षणी त्यांच्या लक्षात आला नाही. आतलं दाढेचं यंत्र थांबलेलं. रस्त्यावर दुपारची शांतता. खोलीत कार्डांची सळसळ तेवढी होती, आणि मग तीही थांबली, कारण चौकशीबाईंचा हात हवेतच थांबला होता.

"काका, हे काय वाजतंय?"

"काय?"

"टिकटिक."

"घड्याळ असेल."

दोघांनी बाकाकडे पाहिलं. घड्याळ उताणं पडलं होतं. त्याचा सेल बाकाखाली होता.

"ते तर तुम्ही मारलंत."

"माझं," घड्याळजी घाईने म्हणाले. "खिशातलं."

हे उत्तर त्यांनी अकरा वर्षं वापरलं होतं आणि ते एकदाही फसलं नव्हतं. ग्रंथालयात शेजारचा माणूस वळून बघायचा, हे म्हणायचे, खिशातलं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात घड्याळ असणार, यात कुणाला काय वावगं वाटणार?

"दाखवा," चौकशीबाई म्हणाल्या.

अकरा वर्षांत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. घड्याळजींनी खिशात हात घातला. रुमाल निघाला, किल्ली निघाली, पेपरमिंटच्या दोन गोळ्या निघाल्या.

"घरी राहिलं वाटतं."

"घड्याळ घरी राहिलं आणि टिकटिक सोबत आणलीत."

घड्याळजींनी मान खाली घातली. छातीच्या मधोमध सदऱ्याआड जो एक लांब व्रण होता, त्यावर त्यांचा हात आपोआप गेला. चौकशीबाईंनी तो हात पाहिला.

"हृदयाची झडप कधी बदलली?"

"अकरा वर्षं झाली."

"धातूची?"

"धातूची. रात्री घरात सगळ्यांना ऐकू जाते. बायकोला आता ती ऐकल्याशिवाय झोप येत नाही."

बाई उठल्या, काउंटरवरून त्यांचा अर्ज घेऊन आल्या आणि पुन्हा समोर बसल्या. रागावल्या असतील असं घड्याळजींना वाटलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त जड गेलं.

"रेघ चांगली ओढलीत," त्या म्हणाल्या. "का ओढलीत?"

मग घड्याळजींनी सगळं सांगितलं. लेक, नात, ओठ मिटून हसणं. "खरं लिहिलं तर तुम्ही परत पाठवाल. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी पाठवलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. तिथे गेलो तर ही तपासणी, ती तपासणी. शेवटी राहूनच गेलं. आणि खरं सांगू का बाई, मला कंटाळा आलाय. लेकीने फोन केला की ती आधी गोळ्यांचं विचारते, मग माझं. मी म्हणजे काय काचेचं भांडं आहे? एक दिवस, एकच दिवस मला नुसते दात असलेला माणूस व्हायचं होतं."

चौकशीबाईंनी अर्ज दोघांच्या मधे फरशीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "काका, तुमच्याकडे घड्याळ साफ करायला आणलं की तुम्ही आधी काय करता?"

"विचारतो. पडलं होतं का, पाण्यात गेलं होतं का, आधी कुणी उघडलं होतं का."

"लोक काय सांगतात?"

"काय सांगणार? सगळे एकजात सांगतात, काही नाही हो, बसल्या बसल्या बंद पडलं." घड्याळजींना चेव आला, कारण हा त्यांच्या जन्माचा सल होता. "अहो, आतून वाळू निघते, वाळू! समुद्रात पोहून आलेलं असतं, आणि म्हणे बसल्या बसल्या. एकदा तर..." आणि ते मधेच थांबले. अर्ज समोरच पडला होता.

"हं," चौकशीबाई म्हणाल्या. "दात साफ करताना हिरड्यांतून थोडं रक्त येतंच. तोंडातले जंतू त्या वाटेने आत शिरतात. माझ्या आत शिरले तर माझं शरीर त्यांना हुसकून लावेल. तुमच्या आत शिरले तर त्या धातूच्या झडपेवर बिऱ्हाड करतील. म्हणून तुम्हाला तासभर आधी एक औषध द्यावं लागतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते किती पातळ झालंय तेही बघावं लागतं. एवढंच. परत पाठवायचं नसतं, आधी विचारायचं असतं. रक्त कधी तपासलंत?"

"तपासतो की."

"कधी?"

"तीन... चार महिने झाले असतील."

"पिशवी दाखवा."

म्हातारी माणसं औषधांची पिशवी घरी ठेवत नाहीत, हेही चौकशीबाईंना ठाऊक होतं. घड्याळजींनी कापडी पिशवी पुढे केली. बाईंनी एकेक पाकीट फरशीवर मांडलं. चौथ्या पाकिटावर त्यांचं बोट थांबलं.

"ही कोणत्या डॉक्टरांनी दिली?"

"ती होय? ती शेजाऱ्यांची. गुडघ्याला फार चांगली आहे. रोज दोन घेतो. दुखण्याची साधीच गोळी आहे, ती काय लिहायची?"

चौकशीबाई त्या पाकिटाकडे बघत राहिल्या.  मग त्यांनी फरशीवरच्या ढिगात हात घातला आणि न शोधता एक कार्ड बाहेर काढलं. पिवळं पडलेलं, कडा मऊ झालेल्या. वरच्या कोपऱ्यात आकडा एक, म्हणजे सगळ्यात पहिलं कार्ड.

"हे वाचलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

कार्ड त्यांच्या आईचं होतं. आई शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर डोळे, त्यामुळे डोकं दुखायचं, आणि डोकं दुखलं की ती एक साधी गोळी घ्यायची. बटणांच्या डब्यात ठेवलेली असे. दिवसाला चार. वर्षानुवर्षं. दाढ काढायला याच दवाखान्यात आली तेव्हा म्हाताऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे आताच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी, विचारलं, काही त्रास, काही औषधं? आई म्हणाली, मला काय धाड भरलीय? दाढ निघाली आणि रक्त थांबेना; त्या साध्या गोळीनेही रक्त पातळ होतं. दोन दिवस. ही लेक, म्हणजे चौकशीबाई, तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने घर उलटंपालटं केलं, बटणांचा डबा सापडला, सगळ्या गोळ्यांची यादी वहीच्या पानावर लिहिली आणि ते पान म्हाताऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटून म्हणाली, "हे तुम्ही आधी नीट का नाही विचारलंत?"

"मग?" घड्याळजींनी विचारलं.

"मग आई वाचली. नंतर नऊ वर्षं जगली, रोज 'मला काय धाड भरलीय' म्हणत. आणि म्हाताऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला निरोप पाठवला की सोमवारपासून तूच येऊन विचारत जा."

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात कोवळ्या, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'काही नाही म्हणते. डबा बघावा.'

घड्याळजींनी कार्ड परत दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

आतलं दार उघडलं. गाल धरून पेशंट बाहेर पडला आणि पाठोपाठ तरुण डॉक्टरीणबाई. फरशीवर बसलेली दोघं, भोवती कार्डं, गोळ्या आणि मेलेलं घड्याळ. "मावशी, हे काय मांडलंय?" त्या म्हणाल्या.

"काही नाही, काकांशी ओळख करून घेतेय. आज यांच्या दातांना हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी चौकशीबाईंनी हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. दोनदा तिकडून तो ठेवला गेला, तिसऱ्यांदा त्यांनी ठेवू दिला नाही. गुरुवारी सकाळी घड्याळजींचं रक्त तपासलं. रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हवा होता. आला साडेपाच. रक्त पाण्यासारखं झालं होतं. शेजाऱ्यांची गोळी तिथल्या तिथे बंद झाली, त्यांची स्वतःची रक्त पातळ करायची गोळीही डॉक्टरांनी थोडे दिवस कमी करून दिली, आणि दात पुढच्या बुधवारवर गेले. म्हणजे नात आल्यानंतर पाच दिवसांनी.

घड्याळजी गुरुवारी दिवसभर खिडकीत बसून होते. बायको म्हणाली, "केस छान कापलेत हो." तेव्हा त्यांना कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. तिनेच चौकशीबाईंना फोन केला होता की त्यांनी तिला, हे त्या दोघींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी रिक्षा थांबली. नात आधी उतरली. घड्याळजी दारात ओठ मिटून उभे. लेकीने डोळे पुसत पुसत आधी गोळ्यांचं विचारलं, रिवाजाप्रमाणे. नात मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हस ना." घड्याळजींना हसू आवरलं नाही, आणि तोंड उघडलं.

"तुझे दात चहासारखे आहेत," ती म्हणाली. तिला त्यात काही बरंवाईट वाटलेलं दिसलं नाही. आकाश निळं आहे, तसं. मग त्यांनी तिला उचलून घेतलं, तिचं डोकं छातीवर टेकलं. ती कान लावून ऐकत राहिली. लेक म्हणाली, "अगं उतर, आजोबांना त्रास होईल." पण नात उतरेना.

"आई, आजोबांच्या आत घड्याळ आहे," ती कुजबुजली. "चालू आहे."

"चालू आहे ना?" घड्याळजी म्हणाले. "मागे तर नाही पडत?"

तिने पुन्हा कान लावला. "नाही. बरोबर आहे."

तेव्हापासून आठवडाभर ती घरात येईल त्याला आधी आजोबांच्या छातीला कान लावायला लावी. शेजारी आले, ज्यांनी गुडघ्याची गोळी दिली होती, त्यांनाही लावायला लावला. अकरा वर्षं खिशातलं म्हणून सांगितलेली गोष्ट दोन दिवसांत गल्लीभर झाली.

बुधवारी तासभर आधी औषध घेऊन घड्याळजी दवाखान्यात हजर. सोबत बायको, लेक आणि नात, असा सगळा जथा. दात साफ झाले. रक्त थोडं आलं आणि थांबलं. बाहेर येऊन त्यांनी आरशात पाहिलं, मग नातीला दाखवलं. तिने बारकाईने तपासलं आणि म्हणाली, "आता दुधासारखे." तेवढे काही ते झाले नव्हते.

मग घड्याळजींनी परवानगी मागितली. चौकशीबाईंनी स्वतः स्टूल धरलं, लाकडी खण आधीच काउंटरखाली हलवला होता, आणि घड्याळजींनी सेल घालून पुन्हा भिंतीवर लावलेलं, पण अजून मागेच असलेलं घड्याळ चार मिनिटं पुढे केलं. उतरल्यावर हात झटकत ते थोडा वेळ रेंगाळले. लेक, नात, बायको दाराबाहेर गेल्या होत्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. आभार मानायचे होते, पण चौकशीबाई कार्डावर काहीतरी खरडत होत्या, आणि आभार मानून घ्यायची त्यांची तयारी दिसत नव्हती.

"बाई," घड्याळजी म्हणाले, "ते माझंच कार्ड ना? खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंत, तेवढं सांगा."

चौकशीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचून दाखवलं: "खोटं बोलतात, दोनदा विचारणे."